स्लँग (डेफ लेपर्ड आल्बम)

स्लँग हा डेफ लेपर्ड या इंग्लिश रॉक संगीतसमूहाचा सहावा स्टुडिओ आल्बम होय. तो मे १९९६ मध्ये मर्क्युरी रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केला. सुरेल, घोटीव आणि अनेक आवाजांच्या थरांनी भरलेल्या रॉक संगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या या समूहाने स्लँगमध्ये ती ओळख जाणीवपूर्वक बाजूला ठेवली. त्या काळी अमेरिकेत प्रबळ झालेल्या ग्रंज आणि अल्टरनेटिव्ह रॉक या प्रवाहांकडे झुकणारा, कोरडा व गडद ध्वनी त्याने स्वीकारला. गिटारवादक व्हिव्हियन कॅम्पबेल यांचा सहभाग असलेला हा समूहाचा पहिला पूर्ण स्टुडिओ आल्बम आहे. निर्मितीचे श्रेय पीट वुडरॉफ आणि स्वतः समूह यांच्याकडे जाते.

व्यापारी दृष्टीने स्लँग समूहाच्या आधीच्या आल्बमांच्या आसपासही पोहोचला नाही. १९८० च्या दशकातील सुरेल रॉकच्या समूहांनी ग्रंजच्या लाटेला दिलेल्या प्रतिसादाचा अभ्यास करताना मात्र त्याचा उल्लेख टाळता येत नाही. येथे बदल केवळ पोशाखाचा किंवा गिटारच्या खरखरीचा नव्हता. ध्वनिमुद्रणाची सगळी पद्धतच बदलली होती.

पार्श्वभूमी

डेफ लेपर्डची स्थापना इ.स. १९७७ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड या पोलादनगरीत झाली. पायरोमेनिया (१९८३) आणि हिस्टेरिया (१९८७) या दोन आल्बमांनी समूहाला जागतिक कीर्ती मिळवून दिली. या दोन्ही आल्बमांच्या केवळ अमेरिकेतच एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. या यशात निर्माते रॉबर्ट जॉन 'मट' लँग यांचा वाटा इतका मोठा होता की त्यांना समूहाचा सहावा सदस्य म्हटले जाई.

लँग यांची पद्धत समजून घेतल्याशिवाय स्लँगमधील बदलाचा अर्थ लागत नाही. सामान्यतः रॉक समूह एका खोलीत एकत्र वाजवतो आणि ते वादन ध्वनिमुद्रित होते. लँग यांनी हा क्रम उलटा केला. प्रत्येक वाद्य, कधी कधी तर वाद्याचा प्रत्येक सूर, स्वतंत्रपणे मुद्रित करून नंतर त्यांची जुळणी करावयाची, अशी त्यांची रीत होती. हिस्टेरियाच्या वेळी गिटारवरील काही स्वरमेळ एकाच वेळी न छेडता त्यांतील एकेक सूर वेगळा वाजवून मुद्रित करण्यात आला. गिटारचा आवाज मोठ्या ध्वनिवर्धकातून न घेता रॉकमन नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातून घेतला गेला. ड्रमचा बराचसा आवाज संगणकीय यंत्रावर रचलेला होता. ध्रुवपदांमध्ये तेच आवाज पुनःपुन्हा मुद्रित करून एकावर एक चढवले जात. त्यामुळे चार-पाच गायकांचा समूह एखाद्या मोठ्या गायकवृंदासारखा ऐकू येई. या कामाला वर्षे लागत. हिस्टेरियाची जुळवाजुळव १९८४ साली सुरू झाली आणि आल्बम बाजारात आला तो ऑगस्ट १९८७ मध्ये.

या विलंबामागे एक अपघातही होता. ३१ डिसेंबर १९८४ रोजी शेफील्डजवळ झालेल्या मोटार अपघातात ड्रमवादक रिक ॲलन यांचा डावा हात गेला. त्या वेळी ते २१ वर्षांचे होते. समूहाने त्यांच्या जागी दुसरा वादक घेतला नाही. ॲलन यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच तयार करण्यात आला. पूर्वी डाव्या हाताने होणारे आघात त्यात डाव्या पायाखालच्या पट्ट्यांवरून होत. ऑगस्ट १९८६ मध्ये डॉनिंग्टन येथील मॉन्स्टर्स ऑफ रॉक महोत्सवात ते या संचासह मोठ्या जनसमुदायासमोर उभे राहिले. इलेक्ट्रॉनिक ड्रमचा घुमणारा, काहीसा कृत्रिम आवाज या काळात डेफ लेपर्डची खूण बनला. त्या खुणेमागे सौंदर्यदृष्टीइतकीच गरजही होती.

दुसरा आघात ८ जानेवारी १९९१ रोजी झाला. समूहाचे गिटारवादक आणि अनेक प्रसिद्ध गिटारवाक्यांचे कर्ते स्टीव्ह क्लार्क यांचे लंडनमध्ये वयाच्या ३० व्या वर्षी निधन झाले. मद्य आणि औषधे यांचे एकत्रित सेवन हे त्याचे कारण होते. पुढचा आल्बम अड्रेनलाइज (१९९२) हा उरलेल्या चौघांनी पूर्ण केला. त्यातील गिटारवादन फिल कॉलेन यांनी एकट्याने सांभाळले. क्लार्क यांच्या जागी १९९२ मध्ये बेलफास्टचे व्हिव्हियन कॅम्पबेल आले. ते यापूर्वी डिओ आणि व्हाइटस्नेक या समूहांत होते.

ग्रंजचा उदय

अमेरिकेच्या वायव्य टोकावरील सिॲटल शहर आणि त्याच्या परिसरात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रंज हा प्रकार आकाराला आला. पंक रॉकचा उद्धटपणा आणि ब्लॅक सॅबथसारख्या समूहांचा जड, संथ गिटारध्वनी यांच्या संयोगातून तो घडला. सब पॉप या स्थानिक कंपनीने त्याचा प्रारंभीचा प्रसार केला. खर्जात उतरवून जुळवलेल्या तारा, खरखरीत विकृत ध्वनी, हलक्या आवाजातील कडव्यानंतर एकाएकी उसळणारे ध्रुवपद आणि एकाकीपणा, व्यसन व आत्मतिरस्कार यांविषयीची गीते ही त्याची ठळक लक्षणे होत. सुरेल रॉकमधील मेजवान्या, मोटारगाड्या आणि प्रणयाराधन यांना येथे स्थान नव्हते. पोशाखातही चकचकीत कातड्याऐवजी जुने चौकडीचे सदरे आले.

ऑगस्ट १९९१ मध्ये पर्ल जॅमचा टेन आणि सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणाचा नेव्हरमाइंड प्रकाशित झाला. जानेवारी १९९२ मध्ये नेव्हरमाइंडने मायकेल जॅक्सनच्या डेंजरस या आल्बमला मागे टाकून अमेरिकी आल्बम यादीत पहिला क्रमांक मिळवला. या घटनेकडे पुष्कळदा एका युगाचा शेवट म्हणून बोट दाखवले जाते. प्रत्यक्षातील चित्र इतके सरळ नव्हते. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी आलेला अड्रेनलाइज हा पूर्णतः जुन्या वळणाचा आल्बम अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, ब्रिटनमध्येही त्याने शिखर गाठले. मोठ्या समूहांचा श्रोता एका रात्रीत नाहीसा झाला नाही. संगीतवाहिन्या आणि आकाशवाणी केंद्रांच्या पसंतीक्रमातून हे समूह हळूहळू ओसरत गेले, आणि १९९४–९५ पर्यंत ती ओहोटी सर्वांना दिसू लागली.

आणखी एक बाब नोंदवण्याजोगी आहे. ग्रंजचा कच्चेपणा हा काही अंशी समजुतीचा भाग होता. नेव्हरमाइंड हा बुच विग यांनी काळजीपूर्वक घडवलेला आणि अँडी वॉलेस यांनी चांगलाच घासूनपुसून मिश्रित केलेला आल्बम आहे; त्यातील गायनही अनेक ठिकाणी दुहेरी मुद्रित आहे. निर्वाणाला खरा कोरडा ध्वनी मिळाला तो स्टीव्ह अल्बिनी यांच्या हातून अल्पावधीत मुद्रित झालेल्या इन युटेरो (१९९३) या पुढच्या आल्बममध्ये. तरीही खऱ्या भावनेचा आवाज ओबडधोबड असतो आणि गुळगुळीत आवाज खोटा असतो, हे समीकरण त्या दशकात रूढ झाले. डेफ लेपर्डसारख्या समूहावर त्याचा थेट परिणाम होणे अटळ होते, कारण गुळगुळीतपणा हीच त्याची कारागिरी होती.

या परिस्थितीला तोंड देणारा डेफ लेपर्ड हा एकटा समूह नव्हता. विंगरचा पुल (१९९३), नवे गायक जॉन कोराबी यांच्यासह आलेला मॉटली क्रूचा समूहाच्याच नावाचा आल्बम (१९९४), स्किड रोचा सबह्युमन रेस आणि वॉरंटचा अल्ट्राफोबिक (दोन्ही १९९५), डॉकेनचा शॅडोलाइफ आणि किसचा कार्निव्हल ऑफ सोल्स (दोन्ही १९९७) हे सारे कमीअधिक प्रमाणात याच दिशेने गेले. किसने तर ॲलिस इन चेन्सबरोबर काम केलेले निर्माते टोबी राइट यांनाच पाचारण केले होते. यांतील बहुतेक आल्बमांवर समूहाच्या जुन्या चाहत्यांनी पाठ फिरवली आणि नव्या श्रोत्यांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले.

ध्वनिमुद्रण

दिशाबदलाच्या खुणा स्लँगपूर्वीच दिसू लागल्या होत्या. ऑक्टोबर १९९३ मध्ये आलेल्या रेट्रो ॲक्टिव्ह या संग्रहात समूहाने स्टीव्ह क्लार्क यांच्या काळातील अपूर्ण गाणी पुरी करून दिली. त्यांतील काही गाण्यांचा पोत आधीच्या आल्बमांपेक्षा खडबडीत होता. त्याच वर्षी लास्ट ॲक्शन हीरो या चित्रपटाच्या गीतसंग्रहात समूहाचे टू स्टेप्स बिहाइंड हे साध्या अकूस्टिक गिटारवरील गाणे आले आणि ते लोकप्रिय झाले. याच संग्रहात सिॲटलच्या ॲलिस इन चेन्सचीही गाणी होती. एकाच ध्वनिफितीवर दोन युगे शेजारी शेजारी बसली होती.

समूहाने स्लँगसाठी स्टुडिओ भाड्याने न घेता १९९५ मध्ये स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्बेया येथे एक घर घेतले आणि ध्वनिमुद्रणाची सामग्री तेथे नेली. उर्वरित काम डब्लिनमध्ये झाले. मट लँग यांचा या आल्बमशी संबंध नव्हता. अड्रेनलाइजच्या वेळीही ते प्रमुख निर्माते नव्हते, पण त्यांची पद्धत तेव्हा कायम राहिली होती. या वेळी ती पद्धतच सोडण्यात आली. गाणी समूहाने एकत्र बसून, एकमेकांकडे पाहत वाजवली. एकेका सुराची जुळणी करण्याऐवजी सलग वादन मुद्रित करण्यावर भर दिला. गिटारचे थर कमी केले. इलियट यांचा आवाजही गायकवृंदाच्या आड न लपवता एकेरी, जवळून आणि काही ठिकाणी मुद्दाम विकृत करून मुद्रित करण्यात आला. त्यांचा तार सप्तकातील किंचाळता सूर, जो पायरोमेनियाच्या काळातील ओळख होता, येथे जवळजवळ ऐकू येत नाही. ते बहुतांशी मध्यम आणि मंद्र सप्तकात गातात.

सर्वांत धाडसाचा बदल रिक ॲलन यांनी केला. या आल्बमसाठी ते चामडी आघाताच्या नैसर्गिक ड्रमकडे वळले. एका हाताने वाजवणाऱ्या वादकाला इलेक्ट्रॉनिक संच जो आधार देतो तो नैसर्गिक संचात मिळत नाही. यंत्रात हलक्या स्पर्शालाही पूर्ण आघाताचा आवाज देता येतो. खऱ्या ड्रमवर प्रत्येक आघाताचे बळ वादकाला स्वतःच पुरवावे लागते आणि प्रत्येक उणीव ऐकू येते. अपघाताला दहा वर्षे उलटल्यानंतर ॲलन यांनी ती जोखीम पत्करली. स्लँगमधील ठेका त्यामुळे आधीच्या आल्बमांपेक्षा मोकळा, थोडा मागे रेलणारा आणि मानवी वाटतो. आल्बमविषयी मतभेद असणारे समीक्षकही या वादनाबद्दल सहसा तक्रार करीत नाहीत.

ध्वनिमुद्रण सुरू असतानाच ऑक्टोबर १९९५ मध्ये व्हॉल्ट हा समूहाच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह बाजारात आला. त्याच्या प्रसिद्धीसाठी २३ ऑक्टोबर १९९५ या एकाच दिवशी समूहाने मोरोक्कोतील तांजिएर, लंडन आणि कॅनडातील व्हॅंकूवर अशा तीन खंडांत कार्यक्रम करून गिनीज विक्रम नोंदवला. संग्रहातील व्हेन लव्ह अँड हेट कोलाइड हे नवे प्रेमगीत ब्रिटनच्या एकल गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. म्हणजे जुन्या शैलीला अजून मागणी होती, आणि ती समूहाला दिसतही होती. स्लँगचा निर्णय केवळ बाजाराच्या भयातून घेतला गेला, असे म्हणताना ही वस्तुस्थिती लक्षात घ्यावी लागते.

संगीत आणि गीते

आल्बममध्ये अकरा गाणी आहेत: ट्रूथ?, टर्न टू डस्ट, स्लँग, ऑल आय वाँट इज एव्हरीथिंग, वर्क इट आउट, ब्रीद अ साय, डिलिव्हर मी, गिफ्ट ऑफ फ्लेश, ब्लड रन्स कोल्ड, व्हेअर डज लव्ह गो व्हेन इट डाइज आणि पर्ल ऑफ युफोरिया. जपानमधील आवृत्तीत जास्तीची गाणी समाविष्ट होती.

या सर्वांना ग्रंज म्हणणे अतिव्याप्त ठरेल. ट्रूथ? या पहिल्याच गाण्यात यांत्रिक तालाची आवर्तने आणि गाळून विकृत केलेला आवाज आहे. हे वळण सिॲटलपेक्षा त्या काळच्या इंडस्ट्रियल रॉकला जवळचे आहे. शीर्षकगीताचा ठेका फंक आणि नृत्यसंगीताचा आहे. त्यातील खट्याळ, द्व्यर्थी शब्दरचना मात्र जुन्या डेफ लेपर्डचीच वाटते. ब्रीद अ साय हे फिल कॉलेन यांचे गाणे कृष्णवर्णीय अमेरिकी आर अँड बी संगीताच्या संथ लयीवर उभे आहे आणि आल्बमभर टाळलेले थरांचे समूहगायन त्यात हळुवारपणे परत येते.

ग्रंजची छाया स्पष्ट दिसते ती डिलिव्हर मी, गिफ्ट ऑफ फ्लेश आणि पर्ल ऑफ युफोरिया या गाण्यांत. डिलिव्हर मीमध्ये दबक्या आवाजातील कडवे आणि त्यावर कोसळणारे जड ध्रुवपद असा आकृतिबंध आहे. गिफ्ट ऑफ फ्लेश हे आल्बममधील सर्वांत वेगवान आणि आक्रमक गाणे असून त्यात गिटारचा ध्वनी जवळजवळ न घासलेला ठेवला आहे. शेवटचे पर्ल ऑफ युफोरिया संथ, लांब आणि झिंग चढल्यासारखे पुढे सरकते; पुनरावृत्त होणाऱ्या जड गिटारवाक्यावर सुरावट तरंगत राहते आणि नेहमीच्या अर्थाने समेवर येतच नाही. जुन्या आल्बमांत एवढी मोकळी, न मिटलेली अखेर आढळत नाही.

वर्क इट आउट हे व्हिव्हियन कॅम्पबेल यांनी एकट्याने रचलेले गाणे आहे. नव्याने आलेल्या सदस्याची रचना एकल गाणे म्हणून निवडली जाणे हेही समूहाच्या बदललेल्या वृत्तीचे चिन्ह मानता येईल. त्यातील कडव्यांत इलियट यांचा आवाज इतका खाली उतरतो की प्रथम ऐकताना गायक कोण हे चटकन ओळखू येत नाही.

टर्न टू डस्टमध्ये भारतीय संगीताचा अंश आहे. गाण्याच्या प्रारंभी सारंगी ऐकू येते आणि आल्बमच्या श्रेयनामावलीत त्यासाठी पंडित राम नारायण यांचे नाव आहे. उदयपूरजवळ जन्मलेल्या आणि पुढे मुंबईत स्थायिक झालेल्या राम नारायण यांनी साथीचे वाद्य समजल्या जाणाऱ्या सारंगीला स्वतंत्र मैफलीचे स्थान मिळवून दिले; त्यासाठी त्यांना २००५ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. गाण्यातील पाश्चात्त्य तंतुवाद्यांची रचना आणि आघातवाद्येही याच पूर्वेकडील वळणाची आहेत. सारंगीचा उपयोग येथे रागविस्तारासाठी नसून वातावरणनिर्मितीसाठी आहे. विदेशी रॉकमध्ये सतारीने १९६० च्या दशकापासून जे काम केले त्याच परंपरेत तो बसतो. तरीही सतारीऐवजी मानवी कंठाच्या अधिक जवळचे, कण्हणारे वाद्य निवडणे हे आल्बमच्या एकूण भाववृत्तीशी सुसंगत आहे.

आशयाच्या दृष्टीने ब्लड रन्स कोल्ड हे गाणे आल्बमच्या केंद्रस्थानी आहे. ते स्टीव्ह क्लार्क यांच्या व्यसनाधीनतेशी आणि मृत्यूशी निगडित आहे. समूहाने क्लार्क यांना अड्रेनलाइजमधील व्हाइट लाइटनिंग या गाण्यातूनही श्रद्धांजली वाहिली होती. पण ते गाणे जुन्या भव्य शैलीतले, मोठ्या नाट्यासह मांडलेले आहे. ब्लड रन्स कोल्डची मांडणी उलट अगदी अबोल आहे. एका मित्राला बुडताना पाहणाऱ्याची हतबलता आणि त्याच्याविषयीची चीड अशा दोन्ही भावना त्यात आहेत. दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐकली असता चार वर्षांत समूहाची शोक व्यक्त करण्याची भाषा किती बदलली हे कळते. आणि नव्या ध्वनीची आवश्यकता नेमकी कोठे होती, हेही. या विषयाला थरांवर थर चढवलेले ध्रुवपद शोभले नसते.

व्हेअर डज लव्ह गो व्हेन इट डाइज हे अकूस्टिक गिटारवरचे गाणे विझलेल्या संबंधाविषयी आहे. याच काळात समूहातील काही सदस्यांना घटस्फोट आणि कौटुंबिक आपत्तींतून जावे लागले होते. त्याचे पडसाद गीतांत उमटल्याचे सदस्यांनी पुढे सांगितले आहे. आधीच्या आल्बमांतील गीतांत शब्द बहुधा त्यांच्या नादासाठी निवडलेले असत, अर्थाची फारशी अपेक्षा नसे. स्लँगमधील गीते सरळ आहेत, क्वचित अनघडही आहेत, पण त्यांना सांगण्यासारखे काही आहे.

प्रकाशन आणि विक्री

स्लँगने ब्रिटिश आल्बम यादीत पाचवा आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत चौदावा क्रमांक मिळवला. एखाद्या नव्या समूहाने यावर समाधान मानले असते. लागोपाठच्या दोन स्टुडिओ आल्बमांनी दोन्ही देशांत पहिला क्रमांक गाठलेल्या समूहासाठी मात्र ही मोठी घसरण होती. पायरोमेनियापासून सुरू झालेली, अमेरिकेत प्रत्येक स्टुडिओ आल्बमला प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळण्याची परंपरा येथे खंडित झाली.

आल्बममधून स्लँग, वर्क इट आउट, ऑल आय वाँट इज एव्हरीथिंग आणि ब्रीद अ साय ही एकल गाणी निघाली. ब्रिटनमध्ये पहिली दोन वरच्या पंचवीस गाण्यांत पोहोचली, पुढच्या दोहोंचा क्रमांक उतरत गेला. अमेरिकेत वर्क इट आउट रॉक वाहिलेल्या आकाशवाणी केंद्रांवर बऱ्यापैकी वाजले, परंतु सर्वसाधारण यादीत त्याला स्थान मिळाले नाही. प्रकाशनानंतरच्या जागतिक दौऱ्यात समूहाला अमेरिकेत पूर्वीपेक्षा लहान सभागृहांत कार्यक्रम करावे लागले.

प्रतिसाद

अपयशाचे कारण म्हणून समूहाने आपला श्रोता गमावला असे थोडक्यात सांगितले जाते. अधिक नेमके सांगायचे तर स्लँग दोन श्रोतृवर्गांच्या मधल्या जागेत सापडला. हिस्टेरियाच्या चाहत्यांना त्यात एकत्र गाता येतील अशी ध्रुवपदे मिळाली नाहीत. दुसरीकडे ग्रंजचा श्रोता हा आल्बम हाती घेण्याचीच शक्यता कमी होती, कारण मुखपृष्ठावरील नावच त्याच्या दृष्टीने मागच्या दशकाचे प्रतीक होते. त्यात वेळेची चूकही झाली. एप्रिल १९९४ मध्ये कर्ट कोबेन यांच्या मृत्यूनंतर ग्रंजचा पहिला जोर ओसरला होता. ब्रिटनमध्ये तर १९९५–९६ या वर्षांत ओएसिस आणि ब्लर यांच्या ब्रिटपॉपचा बोलबाला होता. त्यात उजळ सुरावट आणि मोठ्याने म्हणता येणारी ध्रुवपदे यांना पुन्हा प्रतिष्ठा मिळाली होती. शेफील्डच्या या समूहाने आपली सुरावट आवरती घेतली ती नेमकी याच वेळी. दैवगती अशी की इंग्लंडमध्ये गाणे पुन्हा मोकळ्या गळ्याने गायले जाऊ लागले तेव्हा हे समूह गळा दाबून गात होता.

समीक्षकांचा प्रतिसाद विक्रीच्या मानाने बरा होता. काहींनी समूहाच्या प्रामाणिकपणाचे आणि कोरड्या ध्वनीचे स्वागत केले. काहींना त्यात काळाबरोबर धावण्याची धडपड दिसली. दोन्ही मतांना आधार आहे. ट्रूथ? आणि शीर्षकगीत यांसारख्या ठिकाणी समूह नव्या साधनांची चाचपणी करताना दिसतो आणि त्या चाचपणीत त्या वर्षाचा शिक्का स्पष्ट उमटला आहे. आज ऐकताना तीच गाणी अधिक जुनी वाटतात. ब्लड रन्स कोल्ड, पर्ल ऑफ युफोरिया आणि व्हेअर डज लव्ह गो व्हेन इट डाइज यांबाबत तसे घडत नाही.

ग्रंजकडे वळलेल्या समकालीन समूहांशी तुलना करता एक फरक दिसतो. मॉटली क्रूसारख्या समूहांनी गिटार जड केले, तरी महागडा स्टुडिओ आणि प्रचंड ध्वनी सोडला नाही. डेफ लेपर्डने उलट आवाजाचे आकारमानच कमी केले. त्यामुळे स्लँग हा त्या गटातील सर्वांत जड आल्बम नाही, पण सर्वांत उघडा आहे.

नंतरचा काळ

पुढचा आल्बम युफोरिया (जून १९९९) हा जुन्या शैलीकडे उघड पुनरागमन होता. मट लँग काही गाण्यांचे सहलेखक म्हणून परतले, थरांचे समूहगायन परतले, आणि प्रॉमिसेस हे गाणे अमेरिकेच्या रॉक यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. गंमत अशी की या पुनरागमनाचेही सहनिर्माते पीट वुडरॉफच होते, आणि युफोरिया हे नावही स्लँगच्या अखेरच्या गाण्यात दडलेले होते. कॅम्पबेल यांचे स्थान मात्र स्लँगने पक्के केले ते कायमचे, आणि एकत्र वाजवण्याची सवयही समूहाने पूर्णतः सोडली नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये स्लँगची विस्तारित आवृत्ती प्रकाशित झाली. तीत मूळ अकरा गाण्यांबरोबर त्या काळातील जादा गाणी, प्राथमिक मुद्रणे आणि तोवर अप्रकाशित राहिलेल्या रचना आहेत. प्राथमिक मुद्रणांतून गाण्यांची घडण कशी होत गेली याचा माग काढता येतो. या निमित्ताने आल्बमचे पुन्हा मूल्यमापन झाले, आणि काही श्रोते समूहाच्या आल्बमांत त्याला वरचे स्थान देऊ लागले. २०१९ मध्ये डेफ लेपर्डचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला तो मुख्यतः पायरोमेनिया आणि हिस्टेरियाच्या बळावर. समूहाच्या मोठ्या मैदानांवरील कार्यक्रमांतही याच दोन आल्बमांची गाणी प्रामुख्याने वाजतात. स्लँगमधील रचना त्यांत क्वचितच ऐकू येतात.